पन्नास गुणांचा निकष

शैक्षणिक विभागाचे स्वमूल्यमापन म्हणजे आपल्या अध्यापनाचे, परीक्षांचे व विद्यार्थ्यांच्या प्रगतीचे पुरावे विभागाने स्वतः गोळा करणे, ठरलेल्या निकषांवर ते पारखणे आणि आढळलेली उणीव दूर करणे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, अर्थात ‘नॅक’, संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते, तर नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रिडिटेशन, अर्थात एनबीए, एकेका अभ्यासक्रमाला मान्यता देते. त्यामुळे अभियांत्रिकीच्या विभागांत स्वमूल्यमापन रुजले ते मुख्यतः एनबीएला सादर कराव्या लागणाऱ्या स्वमूल्यमापन अहवालामुळे. २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाल्यावर, काय शिकवले यापेक्षा विद्यार्थ्याला काय करता येऊ लागले, हा प्रश्न त्या अहवालाच्या केंद्रस्थानी पक्का झाला.

मात्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांसाठी अनेक वर्षे वापरात राहिलेल्या आराखड्यात एकूण १००० गुणांपैकी ‘सातत्यपूर्ण सुधारणा’ या निकषाच्या वाट्याला अवघे ५० गुण आले, आणि विभागांनीही त्याला तेवढेच महत्त्व दिले. विषयाची उद्दिष्टे कितपत साध्य झाली, म्हणजेच ‘अटेनमेंट’ किती, हे मोजताना लक्ष्य विभागच ठरवतो. ते पुरेसे खाली ठेवले की तक्ता निर्दोष दिसतो आणि सुधारण्याजोगे काही उरतच नाही. शिवाय संलग्न महाविद्यालयाच्या हाती विद्यापीठ परीक्षेचे बहुधा विषयवार एकूण गुणच येतात, त्यांतून कोणते उद्दिष्ट कच्चे राहिले हे कळत नाही. म्हणून खरी माहिती चाचणी परीक्षांच्या प्रश्नवार गुणांत असते, जी नेमकी एनबीएची समिती येण्याच्या आदल्या महिन्यात घाईघाईने भरली जाते.

याउलट, मुंबईतील साकीनाक्याच्या औद्योगिक गाळ्यांत यंत्रावर जॉब लावणारा कारागीर पहिला नग गेजने तपासल्याशिवाय पुढचे नग काढत नाही, कारण मालाचा लॉट पूर्ण झाल्यावर सापडलेल्या चुकीचा उपयोग फक्त भंगारवाल्याला होतो. पवई, अंधेरी, घाटकोपर या परिसरातील विभागांना असे उद्योग हाकेच्या अंतरावर असूनही, त्यांचा अभिप्राय बहुतेकदा सहीशिक्क्याच्या छापील नमुन्यापुरताच घेतला जातो, हे खेदजनक आहे. पहिल्या नगाच्या त्या तपासणीप्रमाणेच सत्राच्या मध्यावर, पहिल्या चाचणीनंतर लगेच, प्रश्नवार गुणांवर विभागाची बैठक झाली, तर त्याच विद्यार्थ्यांसाठी उरलेले तास बदलता येतात. त्या बैठकीच्या इतिवृत्तात कोणता घटक पुन्हा शिकवायचा, कोणी आणि कोणत्या आठवड्यात, एवढे नोंदवले तरी पुरे. आणि वार्षिक अहवालाची सुरुवात गतवर्षी गाठता न आलेल्या लक्ष्यांपासून करण्यास विभागप्रमुखांना कोणत्याही समितीची परवानगी लागत नाही.