पुढच्या चाकांची खटखट

मोटारीच्या पुढच्या बाजूने खटखट ऐकू येऊ लागली की बहुतेक घरांत दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर गाण्यांचा आवाज वाढवला जातो. नाहीतर गाडी गॅरेजमध्ये नेऊन ‘पुढून आवाज येतो, बघा’ एवढ्या चार शब्दांवर मिस्त्रीच्या स्वाधीन केली जाते. गाठ उघडून नग पाहिल्याशिवाय माल ताब्यात न घेणारा व्यापारीही या बाबतीत मात्र डोळे मिटून बिल चुकते करतो. दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलले जातात, हजारो रुपये खर्ची पडतात आणि चौथ्या दिवशी त्याच खडबडीत रस्त्यावर तोच आवाज पुन्हा हजर होतो.

यात मिस्त्रीची लबाडी असतेच असे नाही. आवाज स्वभावतःच फसवा असतो. तो पत्र्याच्या सांगाड्यातून प्रवास करतो, त्यामुळे डाव्या चाकाजवळ उमटलेली टकटक चालकाला आपल्या पायाखाली ऐकू येते. म्हणून ‘आवाज कुठून येतो’ या प्रश्नाने सुरुवात करण्यात फारसा अर्थ नाही. ‘आवाज केव्हा येतो’ हे आधी ठरवावे. गाडी उभी असताना की चालताना, सरळ रस्त्यावर की वळणावर, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, दोन्ही चाके एकदम उचलली गेल्यावर की एकच चाक खड्ड्यात गेल्यावर? चार दिवस ही नोंद एका कागदावर ठेवली, तर निदानाचे अर्धे काम घरबसल्या होते.

तत्पूर्वी डिकी रिकामी करावी. ही सूचना हास्यास्पद वाटेल. पण व्यापारी कुटुंबांच्या गाडीत नमुन्यांच्या पेट्या, वजने, सैल झालेला जॅक आणि स्टेपनीखाली सरकलेला पाना यांचाच संसार अधिक असतो, आणि यांपैकी प्रत्येकाला खडखडता येते.

भारतातील बहुसंख्य लहान मोटारींच्या पुढच्या चाकांना ‘मॅकफर्सन स्ट्रट’ ही रचना असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ती ओळखली जाते. ब्रिटनमध्ये १९५० साली आलेल्या फोर्ड कॉन्सलमध्ये ती होती. तिच्यात शॉकॲब्सॉर्बर आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून एक उभा खांब होतो. त्याचे वरचे टोक बॉनेटखाली सांगाड्याला रबरी माउंट व बेअरिंगद्वारे जोडलेले असते. खाली चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म असतो: एका टोकाला रबरी बुश, दुसऱ्या टोकाला बॉल जॉइंट. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी स्टॅबिलायझर बार असते आणि तिच्या दोन्ही टोकांना बोटाएवढे जाड लिंक रॉड. स्टेअरिंगचे वळण रॅकमधून टाय रॉडमार्फत चाकांपर्यंत पोहोचते. खटखट करू शकणारी मंडळी मुख्यतः एवढीच.

समजा, बार्शीच्या आसपासच्या गावांतून आठवड्याला वसुलीच्या फेऱ्या करणारी एखादी गाडी आहे. डांबर उखडलेल्या रस्त्यावर कमी वेगात ती सतत टकटक करते. गतिरोधकावरून सरळ, दोन्ही चाके एकदम चढवली तर मात्र गप्प राहते. हा फरक फार बोलका आहे. दोन्ही चाके एकत्र वर गेली की स्टॅबिलायझर बार नुसती फिरते, तिला पीळ पडत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली असे झाले की बार पिळली जाते आणि सगळा ताण लिंक रॉडच्या सांध्यांवर येतो. सांधा झिजलेला असेल तर तेव्हाच तो वाजतो. खात्री करण्यासाठी मिस्त्रीकडून दोन्ही बाजूंचे लिंक रॉड तात्पुरते सोडवून घ्यावेत आणि गॅरेजच्या आसपास अगदी हळू एक चक्कर मारावी. टकटक थांबली, तर शॉकॲब्सॉर्बरचे मोठे बिल टळले. लिंक रॉड हा पुढच्या जोडणीतील सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे. दुर्दैवाने हा प्रयोग करण्याऐवजी थेट महागड्या भागाकडे वळण्याची सवयच अनेक ठिकाणी दिसते. घाईच्या कामात गॅरेजवाल्याला तेच सोयीचे पडते.

टकटक चालू असताना ब्रेकवर हलका पाय ठेवावा. आवाज त्याक्षणी बंद झाला, तर संशय ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या सैलपणाकडे जातो. उलट ब्रेक जोरात दाबताना एकदाच ‘खट्’ आणि सोडताना पुन्हा एकदा ‘खट्’ असे होत असेल, तर लोअर आर्मचा बुश पाहावा. तो फाटला असेल तर ब्रेकच्या ओढीने आर्म मागेपुढे सरकतो.

करकर आणि कुरकुर ही बहुधा रबराची असते. गतिरोधकावर गाडी सावकाश चढताना जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज आला, तर एकेका बुशवर थोडे पाणी मारून पाहावे. ज्याच्यावर पाणी पडताच कुरकुर क्षणभर थांबेल तोच बुश तक्रार करणारा. अनेकजण येथे इंजिन ऑइल किंवा डिझेल चोपडतात. त्याने आवाज काही दिवस दबतो, पण खनिज तेलाने रबर फुगते व लवकर निकामी होते.

गाडी जागेवर उभी असताना स्टेअरिंग फिरवले आणि पुढून ‘टण्ण’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा नाद आला, तर स्ट्रटच्या वरच्या माउंटमधील बेअरिंग जाम झालेले असू शकते. स्प्रिंग फिरायला हवी ती अडकते, पिळली जाते आणि मग झटक्याने सुटते. एकाने स्टेअरिंग फिरवावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून माउंटवर तळहात ठेवावा. झटका हाताला स्पष्ट लागतो. स्प्रिंगच्या वेढ्यांत बोटे घालू नयेत.

स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाढणारी ‘कटकटकट’ ऐकू आली, तर ती सस्पेन्शनची नसून ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरील सांध्याची असते. वेगाबरोबर वाढणारी गुणगुण दोघांची असू शकते: टायरची किंवा चाकाच्या बेअरिंगची. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की टायरचा सूर बदलतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही. लांबलचक डाव्या वळणावर गाडीचे वजन उजव्या चाकावर येते. त्या वेळी गुणगुण वाढली तर उजवे बेअरिंग तपासावे.

एवढ्या साऱ्या आवाजांत तातडीचे असे दोनच सांधे आहेत आणि नेमके तेच पुष्कळदा सर्वांत कमी वाजतात. बॉल जॉइंट निसटला तर खालून चाकाचा आधार सुटतो आणि चाक बाहेरच्या बाजूला मोडून पडते. टाय रॉडचे टोक निसटले तर ते चाक स्टेअरिंगचे ऐकेनासे होते. लिंक रॉडच्या टकटकीसह महिनाभर गाडी हाकता येते. या दोहोंपैकी एकाबद्दल शंका असेल, तर घरातली मंडळी घेऊन घाट उतरायला निघू नये. प्रवास पुढे ढकलावा किंवा दुसरी गाडी करावी.

या दोन सांध्यांची तपासणी अवघड नाही. गाडी सपाट जागी उभी करून, मागच्या चाकांना अडण लावून पुढचे चाक जॅकने उचलावे आणि स्टँडचा आधार द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. चाक घड्याळातल्या ९ आणि ३ या जागी धरून हलवावे. ढिलाई जाणवली तर टाय रॉडचे टोक किंवा रॅकजवळचा आतला सांधा संशयास्पद. मग १२ आणि ६ या जागी धरून हलवावे. येथे ढिलाई असेल तर ती बॉल जॉइंटची की बेअरिंगची, असा प्रश्न उरतो. दुसऱ्या माणसाला ब्रेकचे पेडल दाबून धरायला सांगावे: ढिलाई नाहीशी झाली तर बेअरिंग, कायम राहिली तर बॉल जॉइंट. सांध्यावरील रबरी टोपणही टॉर्चने पाहावे. जुन्या गाड्यांत या सांध्यांना ठरावीक काळाने ग्रीस भरले जाई. हल्लीचे सांधे कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले असतात. टोपण फाटले की ग्रीस बाहेर पडते, पावसाचे पाणी आणि धूळ आत शिरते. असा सांधा आज गप्प असला तरी बदलण्याच्या यादीत घ्यावा.

खट् असा धक्का थेट हाताला, म्हणजे स्टेअरिंगच्या चाकातच जाणवत असेल, तर रॅक आणि स्टेअरिंग यांना जोडणाऱ्या छोट्या दांड्याचा सांधा पाहावा. रॅक बदलण्याचा सल्ला मिळाला तरी या तपासणीपूर्वी होकार देऊ नये. रॅक हा मोठ्या खर्चाचा भाग आहे. तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टेअरिंगमधून कण्हल्यासारखा आवाज आला तर आधी टाकीतील तेलाची पातळी पाहावी.

दुरुस्ती झाल्यावरच्या दोन गोष्टी बिलावर दिसत नाहीत. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना घट्ट आवळले, तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश अल्पावधीत फाटतो. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन त्यांवर आल्यानंतरच हे बोल्ट शेवटचे आवळायचे असतात. मालकाने गॅरेजमध्ये उभे राहून हे पाहून घ्यावे. दुसरी गोष्ट अलाइनमेंटची. टाय रॉडचे टोक, लोअर आर्म किंवा स्ट्रट यांपैकी काहीही उघडले असेल, तर त्याच दिवशी चाकांचे अलाइनमेंट करून त्याचा छापील कागद मागून घ्यावा. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत मागावेत आणि ते हाताने हलवून पाहावेत. लिंक रॉडचा सांधा खरोखर झिजला असेल, तर तो बोटांतच सैल डुलतो.