यंत्र आणि संसार : परसांतला निंब व सांखळीची करवत

मागील अंकीं विहिरीवरील पंपाविषयीं लिहिलें, तेव्हां पुढील खेपेस शिवणयंत्राचा विषय घेण्याचें मीं योजिलें होतें. पण गेल्या वैशाखांत एके दिवशीं तिसऱ्या प्रहरीं मानवतास वळवाचें वादळ सुटलें, आणि आमच्या वाड्याच्या परसांतला जुना निंब मुळासकट आडवा झाला. तेव्हांपासून घरांत दुसरा विषय नाहीं. शिवणयंत्रास एक महिना थांबणें भाग आहे. वाचकभगिनींनीं क्षमा करावी.

दुसऱ्याच दिवशीं जळाऊ लांकडाचा व्यापारी दारीं आला. थोरल्या काकांचें म्हणणें, येईल तो भाव घ्यावा व परस मोकळें करावें. काकू ओसरीवरून म्हणाल्या, "ज्याच्या सावलींत तीन पिढ्यांचे पापड वाळले, तो आतां कुणाच्या भट्टींत घालायचा?" काका गप्प बसले. पण गप्प बसणें म्हणजे संमति नव्हे, हें एकत्र कुटुंबांत राहिलेल्यांस सांगावयास नको. वाड्याच्या वांटणीची कुजबूज आमच्याकडे दोन वर्षें चालू आहे. ज्याच्या वांट्यास परस जाईल त्याचाच निंब, असाही एक सूर माजघरांतून निघाला. शेवटीं सुतारानें वाट काढली. मागील दाराची चौकट वाळवीनें पोखरली होती. माळवदाच्या तुळईस पुरेल इतका निंब सरळ नाहीं, पण चौकटीस व फळ्यांस उत्तम. त्याच्या कडवटपणामुळें कीड त्यास सहजासहजीं लागत नाहीं, असें तो म्हणाला. मागील दार सर्वांचेंच. त्याची वांटणी कोण करणार?

आमचें गांव कापसाच्या बाजाराचें. भोंवतीं काळी जमीन, आणि जंगल म्हणावें असें जवळपास कांहींच नाहीं. जुन्या वाड्यांना सागवान लागे तें किनवटच्या बाजूनें यावयाचें. तेव्हां घरचें जाडजूड लांकूड हातीं लागणें हा योगच. पूर्वीं अशा वेळीं करवत्ये बोलावीत. ओंडका उंच घोडीवर चढवून एक गडी वर व एक खालीं उभा राही, आणि दोघे मिळून लांब करवतीनें दिवसचे दिवस तो चिरीत बसत. आतां ते गडी राहिले नाहींत. लांकडाच्या गिरणींत ओंडका न्यावा, तर आमच्या बोळांत बैलगाडीसुद्धां वळत नाहीं. म्हणून लांकूड यंत्राकडे नेण्याऐवजीं यंत्रच लांकडाकडे आणावें असें ठरलें.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगतों. नागरी क्षेत्रांतील झाडांना १९७५ चा अधिनियम लागू आहे; म्हणून झाड आपोआप पडलेलें असलें तरी नगरपरिषदेंत आधीं लेखी कळविलें. शेतांतील साग, आंबा, चिंच, जांभूळ इत्यादि झाडांसाठीं १९६४ चा वृक्षतोडीचा अधिनियम आहे. तीं परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. लांकूड विकावयाचें वा परगांवीं न्यावयाचें असेल, तर वनखात्यास विचारल्याशिवाय पाऊल उचलूं नये.

ह्या यंत्राचा जन्म मोठा विचित्र आहे. जर्मनींतील बर्नहार्ड हाईने ह्या गृहस्थानें १८३० च्या सुमारास दांतेरी सांखळीचें एक हातयंत्र केलें, तें लांकूड कापण्यासाठीं नव्हे, तर शस्त्रक्रियेंत हाड कापण्यासाठीं! लांकडासाठीं इंजिनावर चालणारी करवत शंभर वर्षांनंतर, १९२० ते १९३० ह्या दशकांत, आंद्रेआस श्टील व एमिल लेर्प ह्या जर्मनांनीं प्रचारांत आणली. पण तिच्या सांखळीचे दांत साध्या करवतीसारखे असून त्यांची धार फार काळ टिकत नसे. १९४६ सालीं अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत जोसेफ कॉक्स नांवाचा लांकूडतोड्या एका बुंध्यांत लांकूड कुरतडणारी अळी पाहत राहिला. ती आपल्या वक्र जबड्यानें एकदां डावीकडे व एकदां उजवीकडे अशी कुरतडत पुढें जात होती. त्या जबड्याच्या आकाराचा दांत त्यानें घडविला, आणि आजच्या बहुतेक सांखळ्या त्याच वळणाच्या आहेत. जिच्यापासून लांकूड राखावयाचें ती कीडच आमची गुरु निघाली.

लांकूड तोडणें आणि लांकूड चिरणें हे आपल्या भाषेंत दोन निराळे शब्द आहेत, व यंत्रासही हा भेद मानावा लागतो. दुकानांत सहज मिळते ती सांखळी आडव्या तोडणीची. तिच्या दांताच्या माथ्याची धार सुमारें ३० अंशांनीं तिरपी असते. उभें चिरावयाचें तर ती सुमारें १० अंशांवर आणावी लागते. एरवीं फळीवर ओरखडे उठतात व यंत्र धापा टाकतें. चिरणीसाठीं पात्यास एक धातूची चौकट जोडतात. तिच्यामुळें पातें वरच्या सपाटीपासून सदैव सारख्याच अंतरावर चालतें आणि फळीची जाडी एकसारखी येते. पहिल्या कापाच्या वेळीं ओंडक्याला सपाटीच नसते, म्हणून त्यावर सरळ शिडी ठोकून तिच्यावरून चौकट सरकवावी. (शिडी लोणच्याच्या माळ्याची होती. ती जागेवर परत गेली आहे, हें संबंधितांनीं वाचावें.) ह्या रीतीनें लांकूड वायां मात्र बरेंच जातें. सांखळीचा काप ८ ते १० मिलिमीटर रुंद पडतो. गिरणींतील पट्ट्याच्या करवतीचा दोन-तीनच. म्हणजे चार काप घेतले कीं दीड इंची फळी भुसा होऊन उडाली! सोळा-सतरा इंच रुंदीच्या लांकडास ७० घन सेंटिमीटरांहून लहान इंजिन घेऊं नये. आम्हीं भाड्यानें आणलेलें ५८ चें होतें. दोन दिवसांचें काम पांच दिवस चाललें.

आतां निगेविषयीं. आमच्या आजीच्या काळीं पाट्यास टांकी लावणारी बाई वेळेवर आली नाहीं, तर चटणीची चव बिघडे आणि त्याबरोबर घराचीही. करवतीचें तसेंच आहे. धार चांगली असली कीं तोडणींत जाडसर ढलप्या पडतात. पिठासारखा भुसा पडूं लागला कीं धार गेली समजावें. चिरणींत भुसा एरवींही बारीकच असतो. तेथें यंत्र हातानें दाबावें लागूं लागणें हीच खूण. मग हट्ट करूं नये. कानस गोल हवी व तिची जाडी सांखळीच्या मापाची हवी: ३/८ इंची सांखळीस ५.२ मिलिमीटर, ०.३२५ इंचीस ४.८. कानस दांताच्या आंतून बाहेर, एकाच दिशेनें चालवावी; परततांना उचलून घ्यावी. प्रत्येक दांतास सारखेच हात द्यावे, नाहींतर एका बाजूचे दांत लांब राहून काप वांकडा जातो. दांतापुढें एक लहानसा उंचवटा असतो. दांतानें किती खोल शिरावें हें तो ठरवितो. तो धारेपेक्षां सुमारें ०.६५ मिलिमीटर खालीं असावा. धार लावतां लावतां दांत झिजून खालीं येतो आणि हा शेजारी मात्र आहे तेथेंच राहतो. मग धार असूनही करवत लांकूड नुसती चाटते. आमचा अर्धा दिवस ह्या चाटण्यांत गेला, आणि दोष मीं बिचाऱ्या पेट्रोलला दिला.

पेट्रोलांत तेल मिसळावें लागतें. चांगलें दोन-आघाती तेल असल्यास बहुधा पन्नासास एक, म्हणजे लिटरास २० मिलिलिटर. तरी यंत्राबरोबरच्या पुस्तिकेंत दिलेलें प्रमाणच खरें. सांखळीचें तेल निराळें व त्याची टांकीही निराळी. पेट्रोल भरतांना प्रत्येक वेळीं तेंही भरावें. तें सांखळीपर्यंत पोहोंचतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं पात्याचें टोंक जुन्या वर्तमानपत्रासमोर थोडें दूर धरून यंत्र चालवावें. कागदावर तेलाचे शिंतोडे उमटले म्हणजे ठीक. पात्याची खांच रोज साफ करावी व पातें मधून मधून उलटवावें, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. तापलेली सांखळी लांबते, म्हणून कामाच्या वेळीं ती ताणावी लागते. पण काम संपतांच सैल करावी. विसरलें तर थंड होतांना ती आंखडते आणि आंतील दांडा खेंचून धरते. हवेची जाळी झटकण्याचें काम घरांतील मुलें आनंदानें करतात.

यंत्र प्रथम अंगणांत आलें, तेव्हां धाकट्या बंधूंचे चिरंजीव तें सुरू करण्यास अधीर झाले होते. काकूंनीं त्यास अडविलें. "चालतं कसं तें मग दाखव. थांबतं कसं तें आधीं दाखव." आम्ही हंसलों. पुढील ढाल ढकलली कीं सांखळी जागच्या जागीं थांबावी अशी त्यांत योजना असते. ती ढाल ढकलली, आणि सांखळी फिरतच राहिली! मागील भाडेकऱ्याचा तेलकट भुसा आंत घट्ट बसला होता. तो काढण्यांत सारी सकाळ गेली आणि चिरंजीव धुसफुसत राहिले. तिसऱ्या दिवशीं फांद्या छाटतांना पात्याच्या टोंकाचा वरचा भाग पानांआड लपलेल्या फांदीस लागला. ह्या भागानें लांकडास स्पर्श केला कीं यंत्र चालविणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतें. तसें तें उसळलें. त्याचें मनगट ढालीवर आदळलें व सांखळी थांबली. खांद्यास हिसका बसला, तेवढ्यावर निभावलें. काकू कांहींच बोलल्या नाहींत. देवघरांत जाऊन बऱ्याच वेळानें बाहेर आल्या. तोंवर चिरंजीव चपलांवर काम करीत होते. त्या दिवसापासून जाड बूट, पायांवर जाड आवरण, डोळ्यांवर चष्मा व कानांत बोळे ह्यांवांचून यंत्रास हात लावावयाचा नाहीं, असा घरांत नियम झाला. तो मीं पहिल्याच दिवशीं करावयास हवा होता.

चौथी फळी निघाली तेव्हां तिच्या टोंकाशीं शाईसारखा निळाकाळा डाग दिसला. लांकडांत असा डाग म्हणजे बहुधा आंत लोखंड. यंत्र बंद करून सुतारानें पटाशीनें कोरलें, तों चार बोटें आंत एक गंजलेली कडी निघाली. दोऱ्या वाळत घालण्याची, कीं झोपाळ्याची, असे तर्क चालले होते. काकांनीं ती हातांत घेतली, पंचानें पुसली आणि म्हणाले, "ही कपिलेची. मी सात वर्षांचा होतों." इतकेंच बोलून ते आंत गेले. वांटणीचा विषय त्यानंतर निघाला नाहीं असें नव्हे. निघाला, पण त्यांत फळ्या कोणी मोजल्या नाहींत.

आतां फळ्या ओसरीच्या सावलींत एकावर एक रचल्या आहेत. दोन थरांमध्यें सारख्या जाडीच्या चिपा, त्याही एकीच्या बरोबर वर दुसरी, अशा ठेवल्या. नाहींतर फळी वांकते. टोंकांना जाड तेलरंग दिला, कारण ओलावा तेथून लवकर जातो आणि आमच्या इकडच्या उन्हाळ्यांत फळी टोंकापासून उकलते. इंचभर जाडीस एक वर्ष असा वाळण्याचा ढोबळ हिशेब आहे. वजन घटावयाचें थांबलें कीं फळी त्या जागेपुरती वाळली असें समजावें. त्यासाठीं एक फळी आम्ही दरमहा तोलतों. रचली त्या दिवशीं ती सत्तावीस किलो होती. ह्या पौर्णिमेस बावीस भरली. आंकडा काकूंनीं दुधाच्या हिशेबाच्या वहींत लिहून ठेविला आहे.