आकड्यांची विद्या आणि मिहानचे दार



नागपूरच्या दक्षिणेस वर्धा मार्गावर मिहान नावाचा जो विस्तीर्ण प्रकल्प उभा राहिला आहे, त्याच्यासाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांची जमीन गेली. जेथे नांगर चालत होता तेथे आज टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल या कंपन्यांच्या इमारती आहेत. भारतीय व्यवस्थापन संस्था आहे. एम्सचे रुग्णालय आहे. २०१९ सालापासून मेट्रो खापरीपर्यंत धावते. दररोज सकाळी त्या गाडीतून आपल्याही वस्त्यांतील मुले-मुली उतरतात. आपणांस विचारावयाचा प्रश्न एवढाच की, ती कोणत्या कामासाठी उतरतात? फाटकावर पहारा देण्यासाठी व फरशी पुसण्यासाठी, की आत बसून कारभाराचा हिशेब मांडण्यासाठी? पहारा आणि सफाई ही कामे हलकी आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु तीच कामे पिढ्यान्‌पिढ्या त्याच वस्त्यांच्या वाट्याला यावीत, हे आम्हांस मान्य नाही.

येथे कायद्याची एक गोष्ट स्पष्टपणे समजून घेतली पाहिजे. राज्यघटनेच्या कलम १६(४) ने दिलेले आरक्षण राज्याच्या सेवेतील पदांपुरते आहे. मिहानमधील खासगी कंपन्यांना ते लागू नाही. खासगी क्षेत्रात आरक्षण असावे ही मागणी न्याय्य आहे व ती सोडून देण्याचे कारण नाही. पण ती मान्य होईपर्यंत आपल्या मुलाचे वय थांबून राहणार नाही. म्हणून ज्या विद्येला त्या इमारतींत मागणी आहे, ती विद्या हस्तगत करणे हा आजचा मार्ग होय. अशा विद्यांपैकी एक, जिला डेटा ॲनालिटिक्स असे म्हणतात, तिच्याविषयी आज लिहावयाचे आहे.

नाव भारदस्त असले तरी वस्तू परकी नाही. ढीगभर नोंदी गोळा करावयाच्या, त्यांतील चुका काढावयाच्या, त्या कोष्टकात मांडावयाच्या, आणि त्यांतून एखाद्या प्रश्नाचे खरे उत्तर काढून ते समजेल अशा भाषेत सांगावयाचे, हे त्या कामाचे स्वरूप. नवशिक्याला त्यासाठी चार गोष्टी आल्या पाहिजेत. एक्सेल, दोन निरनिराळ्या नोंदवह्या समान खुणेने जोडून हवी ती माहिती काढणारी एसक्यूएल ही भाषा, शाळेत टाकून दिलेले संख्याशास्त्र, आणि पॉवर बीआयसारखे आलेख काढण्याचे एखादे साधन. पायथन ही भाषा त्यानंतरची पायरी आहे. चौघांचा पाया कच्चा ठेवून पाचवीकडे धावू नये.

यांत बुद्धी कोठे लागते, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहा. एका वस्तीत दहा घरे आहेत. नऊ घरांचे मासिक उत्पन्न प्रत्येकी १२,००० रुपये आणि दहाव्याचे १,९२,००० रुपये. सरासरी काढली तर ३०,००० रुपये येते. ती पाहून एखादा अधिकारी म्हणेल, ही वस्ती सुखवस्तू झाली, येथे सवलतीची गरज नाही. पण घरे उत्पन्नाच्या क्रमाने लावून मधले उत्पन्न पाहिले तर ते १२,००० च निघते. दोन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत. खऱ्या स्थितीला धरून मात्र दुसराच आहे. कोणता आकडा पुढे ठेवावयाचा, हे जो टेबलाशी बसलेला असतो तो ठरवितो.

दुसरे उदाहरण याहून जवळचे आहे. एका यादीत कोणी स्वतःला ‘बौद्ध’ लिहितो, कोणी ‘नवबौद्ध’, आणि कोणाच्या जुन्या दाखल्यावरून लिपिक पूर्वीची जात लिहितो. एकच आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिले जाते. नोंदी साफ करणाऱ्याला आपल्या समाजाची माहिती नसेल, तर एकाच समाजाचे तीन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा लहान म्हणून बाजूला पडतो. यात कोणाची दुष्टबुद्धी असावीच लागते असे नाही. अज्ञान पुरेसे असते. त्या टेबलाशी आपला मुलगा किंवा मुलगी बसलेली असण्याचे महत्त्व पगाराहून मोठे आहे, ते यामुळे.

कोणी म्हणेल, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. कोष्टके यंत्रच करून देते, मग हे शिकून काय लाभ? आक्षेप पोकळ नाही. केवळ ठरावीक कळ दाबून ठरावीक अहवाल काढणाऱ्याचे काम यंत्र घेत आहे, व पहिल्या पायरीच्या नोकऱ्यांवर त्याचा ताण येणारच. परंतु यंत्राने दिलेली सरासरी फसवी आहे, किंवा यादीत एकच कुटुंब दोनदा आले आहे, हे ओळखणारा माणूस लागतोच. म्हणून साधनांची नावे पाठ करण्यापेक्षा शंका घेण्याची सवय अधिक महत्त्वाची आहे.

आता वकील म्हणून एक सावधगिरीची सूचना. जेथे मागणी तेथे दुकान, हा जगाचा न्याय आहे. ‘तीन महिन्यांत शिका, नोकरीची हमी’ अशा पाट्या आपल्या वस्त्यांच्या तोंडाशी लागल्या आहेत. आईचे मंगळसूत्र गहाण ठेवून शुल्क भरले जाते आणि शेवटी हाती एक रंगीत कागद पडतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी ‘हमी’ म्हणजे काय, ते लेखी मागा. नोकरी न मिळाल्यास शुल्क परत मिळेल काय, किती दिवसांत, हे कागदावर नसेल तर ती हमी नव्हे. प्रत्येक रुपयाची पावती घ्या. कर्जाच्या कागदावर वर्गातच बसून सही करू नका. कागद घरी आणा, जाणत्याला दाखवा. मूळ गुणपत्रिका व दाखले कोणाच्याही स्वाधीन करू नका. पाहावयास द्या आणि परत घ्या.

नोकरी लागताना बंधपत्र पुढे येते, तेही वाचा. बंधपत्र म्हणजे गुलामगिरी नव्हे, तसा तो निरर्थक कागदही नव्हे. १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते; न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई देवविते. परंतु मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेचे, दोन लाख रुपयांचे बंधपत्र वैध ठरविले आहे. तेव्हा ‘असले कागद कोर्टात टिकत नाहीत’ असे सांगणाऱ्या मित्रावर विसंबू नका.

मग शिकावे कोठे? स्वयम् व एनपीटीईएल या सरकारी व्यासपीठांवर संख्याशास्त्र व संगणकाचे पाठ विनामूल्य ऐकता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क पडते. मद्रासच्या आयआयटीने २०२० पासून डेटा सायन्सचा पदवी-अभ्यासक्रम घरी बसून शिकता येईल असा चालविला आहे. त्याला जेईई लागत नाही. संस्थेची पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते, आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना शुल्कात मोठी सूट आहे. बार्टी ही संस्था प्रशिक्षणाच्या योजना राबविते. तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

येथे नवदीक्षित कुटुंबांच्या मनातील एक भीती दूर केली पाहिजे. धम्म स्वीकारला म्हणून अनुसूचित जातीच्या सवलती जातात, असे अजूनही सांगितले जाते. ते खरे नाही. १९५० च्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि मूळ जात अनुसूचित असलेल्या बौद्धांना केंद्रातही तो दर्जा मिळाला. राज्याच्या योजनांत तर ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असा स्पष्ट उल्लेख असतो. जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवा. अर्जाच्या अंतिम दिवशी धावपळ करू नका.

परंतु पाठ ऐकून विद्या येत नाही; हात चालवावा लागतो. २०११ च्या जनगणनेची कोष्टके सर्वांस खुली आहेत. विद्यार्थ्याने नागपूर जिल्ह्यातील एकेका तालुक्यातील स्त्रियांची साक्षरता काढून पाहावी. साक्षरांच्या संख्येला एकूण लोकसंख्येने भागले तर उत्तर चुकेल. कारण जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण सात वर्षे व त्यावरील व्यक्तींचेच मोजले जाते, लहान मुले वगळावी लागतात. ही चूक ज्याने स्वतः शोधली, तो मुलाखतीत गडबडणार नाही. असे तीन-चार स्वतंत्र अभ्यास, प्रत्येकी दोन पानांच्या टिपणासह, रंगीत प्रमाणपत्राहून अधिक बोलतात. रोज दोन तास दिले तर वर्षभरात पाया तयार होण्यास हरकत नाही.

ते दोन तास घराने द्यावयाचे आहेत. मुलगा अभ्यास करीत असताना दूरचित्रवाणी बंद होते. मुलगी बसली की चुलीवरचे दूध पाहावयास तिलाच हाक जाते. एका छताखाली असे दोन न्याय चालू नयेत. घरी जागा नसेल तर विहारातील अभ्यासिका आहे. विहार समित्यांनी वर्षाच्या खर्चातून एक कमान कमी करावी आणि दोन संगणक ठेवावेत. रात्री मुलींना घरापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारीही घ्यावी.

आकड्यांनी वाद जिंकता येतो, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने सांगावयास नको. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेब गेले ते मतदारांच्या संख्येचा हिशेब घेऊन. १९२३ च्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात त्यांनी सरकारी चलननीती आकडेवारीनेच तपासली. आता पुढील जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आहे. तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे आणि तीत जातींचीही गणना व्हावयाची आहे. त्या नोंदींतून शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, रस्ते यांवर वर्षानुवर्षे वाद होतील. ते आकडे वाचणारी माणसे आपल्या घरांतून निघाली पाहिजेत. मिहानमधील नोकरी ही त्या विद्येची पहिली मजुरी आहे. ती मिळवावी, घराचे कर्ज फेडावे, आणि सायंकाळी अभ्यासिकेत बसून धाकट्यांना सरासरीचा अर्थ समजावून सांगावा.