वाचनाला घड्याळ लावू नका

काही मराठी संकेतस्थळांवर अलीकडे लेखाच्या शीर्षकाखालीच एक ओळ झळकते : 'वाचनाचा वेळ : ५ मिनिटे.' ही वाचकाची सोय आहे, असे सांगितले जाते. आम्हांला मात्र हे वाचकावर लादलेले परके माप वाटते.

ही मिनिटे येतात कोठून? बहुधा ती लेखकही ठरवीत नाही, संपादकही नाही. लेखातले शब्द मोजायचे आणि एका ठरावीक आकड्याने भागायचे, एवढेच हे गणित. 'मीडियम' या संकेतस्थळाने आपला आकडा जाहीर केला आहे : मिनिटाला सुमारे २६५ शब्द. चिनी, जपानी व कोरियन मजकुरासाठी तेथे शब्दांऐवजी अक्षरे मोजली जातात. मराठीची अशी वेगळी दखल नाही.

वास्तविक मराठी शब्द इंग्रजी शब्दाएवढा नसतोच. 'घरच्यांनीसुद्धा' हा आमचा एक शब्द. इंग्रजीत त्यासाठी चार-पाच खर्ची पडतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ भाषांतील वाचनाचा वेग मोजला होता. इंग्रजीचा वेग मिनिटाला २२८ शब्द भरला; मराठीप्रमाणेच शब्दाला प्रत्यय जोडणाऱ्या फिनिशचा १६१. फिनिश वाचक मंद नाही, त्याचा शब्द भरलेला आहे. त्या १७ भाषांत मराठी नव्हतीच. मग १२०० शब्दांच्या मराठी लेखावर 'पाच मिनिटे' लिहायचे ते कोणाच्या आधाराने? फिनिश वेगाने तेवढ्याच शब्दांना साडेसात मिनिटे लागतील.

हा केवळ हिशेबाचा वाद नव्हे. चष्मा पुसत पुसत वाचणारी आजी किंवा घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी 'पाच मिनिटांचा' लेख दहा मिनिटांत संपवते आणि आपणच कमी पडलो, असे समजते. चूक भागाकाराची, खजील होतो वाचक.

गाडीत बसलेल्याला लेख केवढा आहे हे आधी कळावे, हे म्हणणे आम्हांला मान्य आहे. छापील अंकाची जाडी हातालाच कळते, पडद्यावर ती कळत नाही. मग लांबीच सांगा ना! 'सुमारे १२०० शब्द' असे लिहा. ते निदान खरे असेल. कोणत्या ओळीपाशी थांबायचे, कोणती पुन्हा वाचायची, हा वाचकाचा अधिकार आहे. संपादकांनी तो परस्पर यंत्राच्या हवाली करू नये.