समुद्राकडे पाठ केलेला पुतळा

होनोलुलूच्या वायकिकी किनाऱ्यावर ड्यूक कहानामोकू यांचा ब्राँझचा पुतळा १९९० साली, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, उभारण्यात आला. दोन्ही बाहू पसरून तो येणाऱ्याजाणाऱ्यांचे स्वागत करतो. प्रवासी त्याच्या हातांवर फुलांच्या माळा चढवितात आणि छायाचित्रे काढून घेतात. पण त्याचे तोंड रस्त्याकडे आहे, पाठ समुद्राकडे. फळीवरून लाटांवर स्वार होणारा जाणता माणूस समुद्राकडे कधी पाठ करीत नाही, असा आक्षेप यावर घेतला गेला. पुतळ्यांच्या दिशेवरून माजणारे वाद आपणांस अपरिचित नाहीत व त्यांतील बरेचसे पोरकटच असतात. हा मात्र तसा म्हणता येणार नाही.

कहानामोकूंचा जन्म १८९० चा. ते तीन वर्षांचेही नव्हते तोच, १८९३ मध्ये, हवाईची राणी पदच्युत झाली. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन करण्यात आली. १९११ साली होनोलुलू बंदरात त्यांनी पोहण्याचा विक्रम केला, तो अमेरिकेतील क्रीडाधुरीणांनी मानलाच नाही. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमला त्यांनी ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापाशी एक नौका उलटली, तेव्हा फळी घेऊन त्यांनी एकट्याने आठ जणांचे प्राण वाचविले. एवढे करूनही या जगज्जेत्याला पोटासाठी पेट्रोलपंप चालवावा लागला, आणि नंतर शेरीफ या नात्याने शहराच्या पाहुण्यांना हारतुरे घालीत बसावे लागले. पुतळ्यात उतरला आहे तो हा यजमान; समुद्राचा माणूस मागे राहिला.

कॅलिफोर्नियातील सांता क्रूझला हा खेळ १८८५ मध्ये हवाईच्या तीन राजपुत्रांनी दाखविला. आज तेथेही लाटस्वाराचा पुतळा आहे. हंटिंग्टन बीचला तर नामवंतांची नावे पदपथात बसविली आहेत. ‘सर्फ सिटी’ या बिरुदावरून ही दोन गावे वकिलांपर्यंत गेली! ज्यांच्या पूर्वजांनी हा खेळ घडविला, त्यांना त्या भांडणात कोणी विचारले नाही.

स्मारके उभारू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. परंतु २०२० च्या जनगणनेनुसार मूळ हवाईयन वंशाचे निम्म्याहून अधिक लोक हवाईबाहेर राहतात. घरांच्या किमती त्यांच्या आवाक्यात राहिल्या नाहीत, हे त्याचे एक मोठे कारण होय. पुतळा उद्या समुद्राकडे वळविला, तरी त्यांच्या परतण्याची सोय होत नाही.

२०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला आणि महिलांचे सुवर्णपदक हवाईच्या करिसा मूर यांनी जिंकले. व्यावसायिक जागतिक स्पर्धांत त्या हवाईच्या ध्वजाखाली उतरत. टोकियोत पदक नोंदले गेले ते अमेरिकेच्या नावे.