थट्टा कोणाची, आवाज कोणाचा?



यंदाच्या स्नेहसंमेलनातील एका प्रहसनात एक विद्यार्थी तोंडाला काळा रंग फासून 'आफ्रिकन' म्हणून आला. सभागृह हसले. पहिल्या रांगेत बसून आम्हीही हसलो. घरी गेल्यावर मात्र ते हसू पचले नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

अमेरिकेत असे हसू जुनेच. १९२८ साली रेडिओवर 'एमॉस अँड अँडी' मालिका सुरू झाली. पात्रे कृष्णवर्णीय, आवाज दोन गोऱ्या नटांचे. १९५१ मध्ये ती टीव्हीवर आली तेव्हा नट कृष्णवर्णीय घेतले, पण थट्टा तीच राहिली. 'एनएएसीपी' या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने तिला कडाडून विरोध केला.

पुढे २००५ मध्ये आरन मॅकग्रूडर या कृष्णवर्णीय व्यंगचित्रकाराची 'द बूनडॉक्स' ही कार्टून मालिका आली. शिकागो सोडून गोऱ्यांच्या उपनगरात राहायला गेलेले आजोबा आणि त्यांचे दोन नातू यांची ही गोष्ट. (दोन्ही नातवांना आवाज एकाच अभिनेत्रीचा, रेजिना किंग यांचा!) मालिका मोठ्यांसाठी आहे, भाषा शिवराळ आहे, मुलांनी ती पाहावी असे आम्ही मुळीच सुचवत नाही. पण तिच्यातील अंकल रकस हे पात्र विसरता येत नाही. स्वतः काळा, आणि काळ्यांचाच द्वेष करून गोऱ्यांची भक्ती करणारा. हसू येते आणि घशातच अडकते, कारण थट्टा त्याच्या रंगाची नसून गुलामीने घडवलेल्या मनाची आहे. २००६ च्या एका भागात मार्टिन ल्यूथर किंग १९६८ च्या गोळीबारातून वाचतात आणि अनेक वर्षांनी कोमातून जागे होतात. शत्रूवरही प्रेम करा म्हणताच देश त्यांना देशद्रोही ठरवतो. मग ते आपल्याच समाजालाही खडसावतात. या भागाला पीबॉडी पारितोषिक मिळाले. घरच्या माणसाने कान धरावा तसे हे व्यंग आहे. अर्थात त्यातल्या शिव्यांनाच हसणारे प्रेक्षकही असणार. तो धोका आतल्या माणसाच्या विनोदालाही टळत नाही.

आता आपल्याकडे वळू. 'द सिम्प्सन्स'मधील आपू हा भारतीय दुकानदार. त्याला आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू यांनी त्यावर माहितीपट काढला, २०२० मध्ये अझारिया यांनी तो आवाज सोडला. त्याच वर्षी गोऱ्या नटांनी इतर वर्णांच्या पात्रांना आवाज देऊ नये असे मालिकेने ठरवले. आपूची नक्कल परदेशातील आपल्या मुलांना शाळेत ऐकावी लागली, हे वाचून आम्हाला राग आला होता. मग त्या दिवशी सभागृहात तो राग कुठे गेला होता? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्याच मराठीतून आपण हे प्रहसन केले.

त्या मुलाचा दोष नाही. संहिता आम्हीच न वाचता मंजूर केली होती. पुढील वर्षी तोंडाला रंग फासायचा नाही आणि संहिता पंधरा दिवस आधी दाखवायची. मुख्याध्यापकांची नक्कल मात्र खुशाल करावी. आमच्या हिंदी वळणाच्या मराठीत भरपूर साहित्य आहे.