डिझेल कुठून गळतंय हे शोधायचे पैसे मागा



मागच्या व्हिडिओत गॅरेजच्या खर्चाचा हिशोब सांगताना मी एक वाक्य घाईत बोलून गेलो होतो: "नुसतं पाहायचेसुद्धा पैसे घेत जा." त्यावर गॅरेज टाकायच्या तयारीत असलेल्या दोघा-तिघांनी मला दुकानात येऊनच झापलं. "भाऊ, नागपुरात पाह्याचे कायचे पैसे? गिऱ्हाईक तं दुसऱ्या दिवशी फिरकन बी नाही." व्हिडिओत याचं नीट उत्तर द्यायला वेळ पुरत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो. माझ्याकडे २००७ ची डिझेल हॅचबॅक आहे, जुन्या पद्धतीच्या रोटरी पंपाची. गाडीचं नाव घेत नाही, कारण दोष तिचा नव्हता, वयाचा होता. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ती त्रास देऊ लागली. सकाळी सेल्फ मारमारून बॅटरी उतरायची, आत डिझेलचा वास यायचा आणि अॅव्हरेज १७ वरून १३ वर आला. एका गॅरेजमध्ये दाखवली. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, पंपाखालचा ओला भाग पाहिला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "पंप गेला." पंप उतरवला, सिल किट टाकली, परत बसवला. ९,००० रुपये गेले आणि चार दिवस गाडी नव्हती. आठवड्याने तोच वास, तीच सकाळची कटकट. परत गेलो तर म्हणे आता इंजेक्टर पाहू.

मी स्पेअर पार्टचं दुकान चालवतो. ऑटोमोटिव्ह चौकापासून वाडीपर्यंतचे मिस्त्री माझ्या काउंटरवर येतात. आणि तरी मी फसलो. त्यामुळे बिगर माहितीच्या गिऱ्हाइकाचं काय होत असेल, विचार करा.

शेवटी एका जुन्या काकांकडे गाडी नेली. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी इंजिन धुतलं, हवेने कोरडं केलं, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि गाडी चालू करून चहा मागवला. मला वाटलं टाइमपास चाललाय. दहा-पंधरा मिनिटांनी त्यांनी बोट दाखवलं. इंजेक्टरवरून परत येणारी जी बारीक कापडी विणीची रबरी नळी असते, रिटर्न पाइप, तिच्या टोकाशी पावडर ओली होऊन पिवळट झाली होती. डिझेल तिथून झिरपत खाली पंपावर येत होतं. पंप बिचारा फक्त ओला होत होता! नळी आणि शेवटच्या इंजेक्टरवरची बंद टोपी बदलली, सामान शंभराच्या आतलं. काकांनी मजुरी घेतली १५० रुपये.

सगळे इथे म्हणतात, "पाहा, किती प्रामाणिक माणूस!" आहेच. पण ते १५० रुपये मला तेव्हाही खटकले आणि आजही खटकतात. ज्याला कळलं नाही त्याने ९,००० घेतले आणि ज्याला कळलं त्याने १५०. असा हिशोब चालत राहिला तर उद्या कोणता पोरगा शोधायचं काम शिकेल? तो सुटे भाग बदलायचंच शिकेल, कारण पैसा त्यातच दिसतो.

आता गळती शोधणं हे डोक्याचं काम का आहे ते थोडक्यात सांगतो. तुम्ही गॅरेज टाकणार असाल तर हे तुम्हाला यायलाच पाहिजे. गळती सगळीकडे सारखी नसते. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ही ओढण्याची बाजू. ज्या जुन्या गाड्यांत टाकीत वेगळा पंप नसतो, तिथे इंजिन चालू असताना या लाइनमध्ये ओढ असते. म्हणजे फट असली तरी डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. खाली एक थेंब नाही, पण गाडी सकाळी लवकर चालू होत नाही. मिस्त्री बॅटरी बदलतो, ग्लो प्लग बदलतो, फिल्टर बदलतो. खरं तर पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक नळी लावून पाहिलं की बुडबुडे दिसतात. मग फिल्टरचं झाकण, प्रायमरचा हँड पंप, टाकीवरचा सांधा असं एकेक मागे जात तपासायचं. (ती पारदर्शक नळी फक्त तपासणीपुरती. तशीच ठेवून गाडी देऊ नका, डिझेलने ती कडक होऊन तडकते.)

पंपापासून इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपांची गळती इंजिन चालू असतानाच दिसते. रिटर्न पाइपची गळती सगळ्यात फसवी. दाब कमी, म्हणून ती हळू झिरपते, आणि गाडी रात्रभर उभी राहिली की तिथूनच हवा शिरते. माझ्या गाडीत हेच झालं होतं. आणि गळती नेहमी वरून खाली पाहायची. सगळ्यात खालचा ओला भाग म्हणजे गळतीची जागा नव्हे.

तांब्याचा वॉशर काढला की नवाच टाका. जुना उलटा करून बसवायचा आणि मग बोल्ट जीव खाऊन आवळायचा, या सवयीने कितीतरी बँजो बोल्टचे आटे गेलेले मी काउंटरवर पाहिलेत. टेफ्लॉन टेप लावू नका, तिचे तुकडे सुटून पुढे अडकतात. एम-सील हा उपाय नव्हे, लपवाछपवी आहे. गळणारं डिझेल टायमिंग बेल्टवर किंवा अल्टरनेटरवर पडत असेल तर "चालते" म्हणू नका. बेल्ट खराब होऊन तुटला की गिऱ्हाइकाचं इंजिन जातं.

कॉमन रेलच्या गाड्यांबद्दल मात्र वेगळं सांगतो. तिथे दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो. इंजिन चालू असताना बोट फिरवून गळती शोधायची नाही, चालू इंजिनचा पाइप सैल करायचा नाही. बारीक धार कातडीतून आत जाते. वरून सुईएवढी जखम दिसते आणि आत बोट सडू शकतं. लागलंच तर हळद लावत बसू नका, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरला स्पष्ट सांगा.

हे काम कमी होणार नाहीये. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे नवीन पर्याय कमी झाले. दिल्लीसारखी १० वर्षांची अट आपल्याकडे नाही. १५ वर्षांनंतर कारची नोंदणी नव्याने करायची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली होती, तरी फी भरणं नवी गाडी घेण्यापेक्षा स्वस्तच. शिवाय एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम सल्फरचं डिझेल आलं. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी सल्फरचं डिझेल आलं तेव्हा जुन्या पंपांच्या रबरी सिलमधून गळतीच्या तक्रारी आल्या होत्या, कारण असं डिझेल बनवताना त्यातले रबर फुगवून ठेवणारे घटकही कमी होतात आणि जुनं सिल आकसतं. म्हणून सिल बदलायचीच वेळ आली तर व्हिटॉनचं मिळतंय का विचारा. थोडं महाग पडतं, पण टिकतं.

आता पैशाचा मुद्दा. समजा गॅरेजचं भाडं १२,०००, पोराचा पगार १५,०००, वीज-पाणी-चहा ३,००० आणि तुमचा स्वतःचा घरखर्च ३०,०००. झाले ६०,०००. महिन्याचे २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. तासाला ३०० रुपये तर नुसतं शटर उघडं ठेवायला लागतात. त्यातले निम्मे तास खरे कामाचे धरले तर ६००. आता सांगा, तासभर गळती शोधून फुकट सोडली तर ते पैसे कोणाकडून येणार? दुसऱ्या कोणाच्या तरी बिलातून, किंवा गरज नसलेल्या पंपाच्या कामातून. "आमच्याकडे पाहणं फुकट" अशी पाटी मला म्हणूनच आवडत नाही.

काही ट्रेनर सांगतात की तपासणीचे पैसे घ्या आणि काम दिलं तर बिलातून वजा करा. मला हे पटत नाही. वजा करायचं ठरलं की काम निघालंच पाहिजे असा दबाव मिस्त्रीच्या डोक्यावर बसतो. मी म्हणतो ३०० रुपये वेगळे घ्या आणि बदल्यात चिठ्ठी द्या: कुठे गळतंय, कसं तपासलं, काय बदलायचं, अंदाजे किती लागतील. मोबाइलवर त्या ओल्या जागेचा फोटो पाठवा. मग काम दुसरीकडे करायचं असेल तरी खुशाल जा म्हणा.

हे सांगण्यात माझा फायदा नाही, उलट आहे. अंदाजाने पार्ट बदलणारे मिस्त्री माझ्या दुकानाचे चांगले गिऱ्हाईक आहेत. पंपाचं सिल किट विकून मला जे सुटतं ते वीतभर नळी विकून सुटत नाही. पण "हा नव्हता बिघाड, परत घ्या" म्हणून उघडलेल्या पाकिटांचा ढीगही माझ्याच काउंटरवर येतो.

गेल्या दिवाळीत मी काकांना चिठ्ठ्यांचं एक पुस्तक छापून दिलं आणि भिंतीवर ३०० रुपयांची पाटी लावायला लावली. पहिल्या आठवड्यात तीन गाड्या पाटी वाचून परत गेल्या आणि काकांनी मला फोनवर चांगलंच सुनावलं. आता नव्या गिऱ्हाइकाकडून ते घेतात. बरेच जण कुरकुरतात, पण फोटो पाहिला की देतात. जुन्या गिऱ्हाइकाकडून मात्र अजून घेत नाहीत. "वीस वर्षांपासून येऊन राहिला तो, त्याले पैसे कसे मागू?" मी म्हणतो, त्याच्याकडूनच आधी मागा, तो तुम्हाला ओळखतो. यावर आमचं भांडण अजून मिटलेलं नाही.